भंगाराची छाट यंत्राने : पट्टा बसवण्यापूर्वी काय समजून घ्यावे?

भंगारचा धंदा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर गोणपाट, तराजू आणि काळे हात येतात. परंतु या धंद्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कुर्ल्याचा भंगार बाजार घ्या, धारावीतील तेरा नंबरचे कंपाउंड घ्या, भिवंडीची गोदामे घ्या, किंवा जुन्या प्लॅस्टिकपासून पाइप बनवणारे मालेगावचे कारखाने घ्या. या सर्व ठिकाणी आपले बंधू पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत. आता या धंद्यात यंत्रे येत आहेत. चुंबक, चाळण्या, हवेचे झोत, किरणांनी माल ओळखणारे डोळे, असे सर्व एका सरकत्या पट्ट्यावर बसवून छाट करून घेण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी उभी राहत आहे. ती आपणही बसवावी का, असा प्रश्न आम्हाला अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून या लेखात आम्ही अशा पट्ट्याची रचना मुळापासून समजावून सांगणार आहोत.

सुरुवात एका अनुभवाने करू. आमच्या परिचयाचे एक व्यापारी आहेत. कारखान्यांतून निघणारे विजेचे जुने सामान ते लिलावात घेतात, म्हणजे मोटारी, पंखे, पॅनेल, मिक्सर, प्रिंटर वगैरे. गावाकडची जमीन विकून त्यांनी अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे उडवून वेगळे करणारे यंत्र आणले. विक्रेत्याने दाखवलेला नमुना स्वच्छ होता, यंत्र सुरेख चालले. आपल्या गोदामात आणल्यावर मात्र त्यांनी सगळा मिसळलेला चुरा सरळ त्यावर सोडला. लोखंडाचे कण आत शिरून ढोलाला चिकटले, तापले आणि तिसऱ्या महिन्यात वरचे आवरण जळून भोक पडले. आज ते यंत्र ताडपत्रीखाली झाकलेले आहे. ते आम्हाला म्हणाले, “यंत्र वाईट नव्हतं हो. मीच त्याला चुकीच्या जागी बसवलं.”

या एका वाक्यात सर्व विषय आला. छाटीचा पट्टा ही यंत्रांची मोळी नव्हे, ती एक रांग आहे. रांगेत कोण कोणाच्या आधी उभा आहे, यावर सगळे अवलंबून असते.

आधी माल ओळखा, मग यंत्र

कोणत्याही यंत्राची चौकशी करण्यापूर्वी आपल्या मालाचा हिशेब कागदावर हवा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चुऱ्याचा ढीग करावा, तो सपाट पसरून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे दूर सारावेत, आणि उरलेल्याचा पुन्हा ढीग करून तेच करावे. असे करीत दहा-पंधरा किलोचा नमुना राहिला की तो हाताने छाटून प्रत्येक प्रकार काट्यावर वजन करावा. एका गाडीवर भागत नाही. निरनिराळ्या लिलावांच्या, निरनिराळ्या महिन्यांच्या वीस-पंचवीस गाड्यांचे नमुने घेतले म्हणजे खरे चित्र दिसते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मोडलेल्या सामानाच्या १००० किलो चुऱ्यात ६०० किलो लोखंड, ६० किलो अ‍ॅल्युमिनियम, ४० किलो तांबे व पितळ, २५० किलो प्लॅस्टिक आणि ५० किलो रबर, काच, फोम, माती वगैरे आहे. तांबे वजनाने सर्वांत कमी आहे, पण किलोला भाव सर्वांत जास्त त्याचाच. म्हणजे रांगेची रचना करताना लोखंड किती निघाले यापेक्षा तांबे कुठे कुठे निसटले, याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

रांगेच्या आधीची रांग

माल तोडणाऱ्या यंत्रात जाण्यापूर्वीच काही वस्तू हाताने काढल्या पाहिजेत. पहिली वस्तू म्हणजे लिथियमच्या बॅटऱ्या. जुन्या लॅपटॉप, मोबाइल आणि खेळण्यांतील अशी बॅटरी दातांखाली चिरडली गेली की क्षणात पेट घेते आणि आसपासचे प्लॅस्टिकही पेटते. दुसरी वस्तू म्हणजे बंद सिलिंडर आणि कॉम्प्रेसर. तिसरी वस्तू म्हणजे पाऱ्याच्या नळ्या. चौथी वस्तू म्हणजे शिशाच्या बॅटऱ्या. त्यांचा मार्ग वेगळा आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत.

आणखी एका गोष्टीकडे आपल्या धंद्यात फार दुर्लक्ष होते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात लिलावातून आलेले एक जुने उपकरण तोडले गेले. ते दिल्ली विद्यापीठात अनेक वर्षे न वापरता पडून होते आणि त्याच्या आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. तोडणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेक जण दवाखान्यात गेले. दवाखाने, प्रयोगशाळा आणि कारखाने यांचे लिलाव घेणाऱ्याने गेटवर किरणे मोजणारे साधन ठेवणे ही चैन नव्हे. तीन पात्यांची किरणोत्सर्गाची खूण आपल्या प्रत्येक मजुराला माहीत असलीच पाहिजे.

लोखंड सर्वांत आधी

तोडलेला माल पट्ट्यावर आला की पहिले काम चुंबकाचे. पट्ट्याच्या वर आडवे टांगलेले चुंबक लोखंड उचलून बाजूला टाकते. पण त्याला वरून उचलायचे असल्याने थराच्या तळाशी दबलेले लहान कण सुटतात. म्हणून पट्ट्याच्या शेवटच्या रोलरमध्ये दुसरे चुंबक बसवतात. ते खालून धरते. समजा, पहिल्याने ९५ टक्के, म्हणजे ५७० किलो लोखंड काढले. उरलेल्या ३० किलोंपैकी दुसऱ्याने २४ किलो काढले. आता मालात फक्त ६ किलो लोखंड राहिले. आमच्या परिचयाच्या त्या व्यापाऱ्यांकडे हीच दोन चुंबके नव्हती.

येथे एक मेख आहे. मोटारीच्या आतला गाभा लोखंडाचा असतो आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. चुंबक दोघांनाही एकत्रच उचलून लोखंडात टाकते. यात दुहेरी नुकसान आहे. एक तर तांबे लोखंडाच्या भावाने जाते. दुसरे म्हणजे तांबे पोलादात गेले की भट्टीत ते काढता येत नाही आणि अशा पोलादाला गरम असताना रोलिंग करताना भेगा पडतात. म्हणून भट्टीवाले अशा मालाचा भाव पाडतात किंवा गाडी परत पाठवतात. यावरचा उपाय आजही माणूसच आहे. चुंबकाने काढलेल्या लोखंडाच्या पट्ट्यावर एक-दोन माणसे उभी करून मोटारीचे गाभे हाताने वेचावेत. हे गाभे मोठे असतात, चटकन दिसतात, आणि एका दिवसाचे तांबे वेचणाऱ्याची मजुरी सहज भरून काढते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भांड्यांचे नेहमीचे स्टेनलेस स्टील चुंबकाला जवळजवळ लागत नाही. ते पुढे जाते आणि त्याची वेगळी तजवीज करावी लागते.

चाळणी : स्वस्त, पण सर्वांत महत्त्वाची

लोखंड गेल्यावर चाळणी येते. फिरती किंवा हलती चाळणी हे रांगेतील सर्वांत साधे यंत्र आहे आणि पैसे वाचवण्याच्या नादात लोक नेमके तेच गाळतात. पुढची सर्व यंत्रे मालाला हवेत उडवून किंवा ढकलून वेगळे करतात. मोठा तुकडा आणि बारीक कण एकत्र असले तर मोठा तुकडा लहानाला ढकलतो, झाकतो, आपल्याबरोबर घेऊन जातो. ढोबळ नियम असा की एका वेळी यंत्रावर जाणाऱ्या मालातील सर्वांत मोठा तुकडा सर्वांत लहान तुकड्याच्या तिपटीहून मोठा नसावा. म्हणजे १० ते ३० मिलिमीटरचा एक गट आणि ३० ते ९० मिलिमीटरचा दुसरा गट. दहाच्या खालचा बारीक माल वेगळा ठेवावा. त्यात तारांचे तुकडे असतात, म्हणून तो कचरा समजून फेकू नये. ९० च्या वरचा माल पुन्हा तोडायला पाठवावा.

एकच यंत्र असेल तर सकाळी एक गट आणि दुपारी दुसरा गट चालवावा. दोन यंत्रे घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. चाळणीनंतर वरच्या दिशेने वाहणाऱ्या हवेच्या झोतात फोम, कापूस, कागद आणि धूळ उडवून पिशवीच्या गाळणीत पकडावी. धूळ गेली की पुढच्या यंत्राचे डोळे स्वच्छ राहतात आणि कामगारांची छातीही.

लोखंड नसलेले धातू कसे उडतात?

आता मुख्य यंत्राकडे येऊ. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. मग चुंबकाने ते उडते कसे? घरातील जुन्या वीजमीटरमधील चकती आठवा. ती अ‍ॅल्युमिनियमची असे, तिला कोठेही तार जोडलेली नसे, तरी ती फिरत असे. बदलत्या चुंबकशक्तीत धातू आला की त्याच्या आत विजेचे भोवरे उठतात आणि धातू काही क्षण स्वतःच चुंबकासारखा वागतो. छाटीच्या यंत्रात पट्ट्याच्या टोकाला प्लॅस्टिकसारख्या अधातूचा पोकळ ढोल असतो आणि त्याच्या आत निओडिमियमच्या चुंबकांचा दुसरा ढोल मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो. त्यावरून जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा पुढे उडी मारतो, प्लॅस्टिक आणि रबर जागच्या जागी खाली पडते. मध्ये एक आडवी पत्र्याची फाळ असते. तिच्या अलीकडे कचरा आणि पलीकडे धातू.

कोणता धातू किती उडेल, हे त्याची वीज वाहण्याची शक्ती आणि त्याचे वजन यांच्या गुणोत्तरावर ठरते. तुलनेसाठी आकडे असे : अ‍ॅल्युमिनियम सुमारे १४, तांबे साडेसहा, जस्त दोनच्या थोडे वर, पितळ सुमारे दोन, शिसे अर्ध्याहूनही कमी, आणि स्टेनलेस स्टील त्याहून कमी. म्हणून अ‍ॅल्युमिनियम लांब उडते, तांबे बेताने, आणि शिसे व स्टेनलेस जवळजवळ उडतच नाही. बारीक तार तर तांब्याची असूनही उडत नाही, कारण तिच्यात भोवरे फिरायला जागाच नसते.

लोखंड आधी का काढायचे, तेही आता कळेल. लोखंड उडत नाही, उलट ढोलाला चिकटून बसते, तेथेच तापते आणि आवरण जाळते. साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसच्या वर आपली शक्ती गमावू लागते. म्हणजे आवरणाबरोबर सर्वांत महाग भागही जातो.

आपल्या उदाहरणात ४०६ किलो माल या यंत्रापर्यंत आला. समजा, त्याने ६० पैकी ५४ किलो अ‍ॅल्युमिनियम उडवले, तांबे-पितळ ४० पैकी २८ किलो उडवले आणि त्यांच्याबरोबर साडेसात किलो प्लॅस्टिकही गेले. म्हणजे साडेएकोणनव्वद किलो मालात ८२ किलो धातू, शुद्धता सुमारे साडेएक्याण्णव टक्के. फाळ पुढे सरकवली तर शुद्धता वाढेल, पण धातू कमी मिळेल. मागे घेतली तर धातू जास्त, पण मळ वाढेल. ‘शुद्धता ९८ टक्के’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला दुसरा प्रश्न लगेच विचारावा : “त्या वेळी किती धातू कचऱ्यात गेला?” या दोन आकड्यांपैकी एकटा आकडा कधीही पूर्ण सत्य सांगत नाही.

जे १२ किलो तांबे निसटले, त्यासाठी पट्ट्याखाली तारांच्या वेटोळ्यांचे संवेदक बसवतात. धातू वरून गेला की संवेदकाला कळते आणि टोकाशी असलेली हवेची तोटी तेवढाच तुकडा फुंकून बाजूला काढते. तारा आणि स्टेनलेस दोन्ही यात सापडतात. तारा पुढे बारीक कातरून हलत्या तिरप्या टेबलावर हवेने निवडल्या की तांबे व आवरण सुटे होते. तांब्याची घनता सुमारे नऊ आणि पीव्हीसीची सुमारे १.४, एवढा मोठा फरक असल्याने हे काम उत्तम होते. तार जाळून तांबे काढण्याची जुनी पद्धत कायद्याने गुन्हा तर आहेच, पण त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. आजूबाजूच्या घरांतील लेकरेही तीच हवा घेतात. शिवाय जळके तांबे कमी भावाने जाते. म्हणजे दीन, दुनिया आणि दुकान, तिन्हीकडे तोटाच.

प्लॅस्टिक : पाणी, मीठ आणि किरणे

उरलेल्या प्लॅस्टिकसाठी बरेच जण पहिल्यांदा किरणांच्या यंत्राकडे धावतात. हे यंत्र डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टाकते. प्रत्येक प्लॅस्टिक ते किरण आपल्या पद्धतीने परत पाठवते आणि त्यावरून संगणक त्याची जात ओळखून हवेच्या तोटीला हुकूम देतो. बाटल्या आणि डबे यांच्यासाठी हे यंत्र अप्रतिम आहे. पण आपल्या उदाहरणातील माल कोणता? विजेच्या सामानाचे प्लॅस्टिक, म्हणजे बहुतांशी काळे. काळ्या रंगासाठी घातलेली काजळी हे किरण गिळून टाकते आणि नेहमीच्या यंत्राला तो तुकडा दिसतच नाही. चांगले यंत्र चुकीच्या मालासाठी घेतले जाते, ते असे.

अशा मालासाठी आधी पाण्याची टाकी वापरून पाहावी. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रॉपिलीन सुमारे ०.९ आणि पॉलिथिलीन ०.९१ ते ०.९७, म्हणून दोन्ही तरंगतात. एबीएस आणि पॉलिस्टायरीन १.०५ च्या आसपास, ती बुडतात. पीव्हीसी आणि पेट १.३ च्या वर, तीही बुडतात. आता बुडालेला माल मिठाच्या पाण्यात घाला. पुरेसे मीठ घातल्यास पाण्याची घनता १.२ पर्यंत नेता येते. १.१० च्या आसपासच्या पाण्यात एबीएस आणि पॉलिस्टायरीन वर येतात, पीव्हीसी खालीच राहते. आग लागू नये म्हणून ब्रोमिनचे रसायन मिसळलेले प्लॅस्टिक वजनाला जड असल्याने बहुतेक तेही खाली राहते. ते खेळण्यांत किंवा भांड्यांत जाता कामा नये, याची जबाबदारी छाटणाऱ्यावरच येते.

पाण्याचीही मर्यादा आहे. खडूची किंवा शंखजिऱ्याची पूड मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन जड होऊन बुडते. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर जड मालही तरंगतो. त्यासाठी पाण्यात थोडा साबण घालतात. पेट आणि पीव्हीसी यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने पाणी त्यांना वेगळे करू शकत नाही. तेथे किरणांचे यंत्र किंवा अनुभवी नजर हवी, कारण पेट वितळते त्या तापमानाला पीव्हीसी जळून आम्ल सोडते आणि थोड्याशा पीव्हीसीने सगळा घाणा पिवळा पडतो. शिवाय वापरलेले मिठाचे पाणी गटारात सोडता येत नाही. ते गाळून पुन्हा वापरण्याची सोय आराखड्यातच धरावी.

हात कोठे, यंत्र कोठे?

येथे एक साधा गुणाकार करून पाहू. पट्ट्याशी उभा असलेला माणूस मिनिटाला तीस तुकडे उचलतो असे धरा. तासाला १८०० तुकडे. तुकडा ५० ग्रॅमचा असेल तर ९० किलो माल, पण तुकडा ५ ग्रॅमचा असेल तर फक्त ९ किलो. मेहनत तीच, माल दहापट कमी. उलट एक मीटर रुंदीचा, सेकंदाला अडीच मीटर धावणारा यंत्राचा पट्टा घ्या. त्यावर दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम माल विरळ पसरला तर सेकंदाला ७५० ग्रॅम, म्हणजे तासाला २७०० किलो माल जातो. म्हणून मोठे आणि विचित्र आकाराचे तुकडे हाताने, लहान आणि एकसारखे तुकडे यंत्राने, ही वाटणी शहाणपणाची.

यात ‘विरळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुकडा तुकड्यावर चढला की संवेदकाला खालचा दिसत नाही. तासाला जास्त माल काढण्यासाठी पट्टा गच्च भरणे म्हणजे यंत्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. त्यासाठी यंत्राच्या आधी थरथरणारे ताट बसवून माल एका थरात पसरवावा लागतो.

चार यंत्रे, एक साखळी

आता पैशाच्या हिशेबाकडे येऊ. चार यंत्रे एकामागून एक जोडली आणि प्रत्येक यंत्र दहा तासांपैकी नऊ तास चालते, असे समजू. रांग किती चालेल? नऊ तास नव्हे. एक बंद पडले की सर्व थांबतात. ०.९ चा चार वेळा गुणाकार केला की ०.६५ येतो, म्हणजे जेमतेम साडेसहा तास. यावर उपाय म्हणजे यंत्रांच्या मध्ये माल साठवणारे हौद ठेवणे, म्हणजे एक थांबले तरी पुढचे काही वेळ चालत राहते. गाळा लहान म्हणून लोक हे हौद गाळतात आणि पुढे पस्तावतात.

याचा खिशावर काय परिणाम होतो ते पाहा. हे आकडेही केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, छाट केल्याने मालाला किलोमागे ८ रुपये जास्त मिळतात, रांग तासाला असा ३०० किलो माल काढते, रोज ८ तास आणि महिन्याला २५ दिवस काम आहे. वीज, मजुरी, दुरुस्ती आणि भाडे मिळून महिन्याला १,७०,००० रुपये जातात आणि भांडवल ४० लाख रुपये आहे.

रांग ९० टक्के वेळ चालली तर महिन्याला ५४,००० किलो, म्हणजे ४,३२,००० रुपये. खर्च वजा जाता २,६२,००० उरतात आणि भांडवल सव्वा वर्षात फिटते. ६५ टक्के वेळ चालली तर १,४२,००० उरतात, फिटायला सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. ४५ टक्केच चालली तर फक्त ४६,००० उरतात आणि सात वर्षांहून जास्त काळ लागतो. तोवर यंत्र स्वतःच भंगारात निघालेले असेल. यंत्र तेच, माल तोच, भावही तोच. फरक फक्त बंद राहण्याच्या तासांचा. म्हणून यंत्र घेताना सुटे भाग कोठे मिळतात, कारागीर किती दिवसांत येतो, आणि वर्षभर पुरेल एवढा माल आपल्याला खात्रीने मिळतो का, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत.

माणसांचे काय?

यंत्र आले की छाटणाऱ्या बायकांना घरी पाठवायचे, असा विचार काही जण करतात. आमच्या मते तो धंद्याच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. तीस वर्षे प्लॅस्टिक छाटणाऱ्या एका खालांना आम्ही काम करताना पाहिले. तुकडा फरशीवर आपटून आवाजावरून, नखाने ओरखडा काढून, वाकवून पाहून त्या जात सांगत होत्या. यंत्राने काढलेल्या मालातून दर तासाला एक नमुना घ्यायचा, तो हाताने छाटून शुद्धता मोजायची आणि फाळ पुढे-मागे करायला सांगायची, हे काम त्यांच्याहून चांगले कोण करील? हे हुनर पगारपत्रकावर आले पाहिजे. खालांना ‘मजूर’ म्हणून नव्हे, तर ‘तपासनीस’ म्हणून रोजी मिळाली पाहिजे.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको. ओढणी, पदर किंवा सैल बाही रोलरमध्ये गेली तर हात वाचत नाही, म्हणून रोलरवर जाळी आणि पट्ट्याच्या लांबीभर ओढताच यंत्र थांबवणारी दोरी असावी. दुरुस्तीला आत जाणाऱ्याने बटणाला कुलूप लावून चावी आपल्याच खिशात ठेवावी. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने मोठ्या चुंबकाजवळ जाऊ नये. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी जाते, म्हणून कामाचे कपडे कामावरच ठेवावेत आणि हात धुतल्याशिवाय घास तोंडात घालू नये.

कागदपत्रे

शेवटी कायद्याची बाजू. असा कारखाना उभारण्यापूर्वी आणि चालवण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानासाठी २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हा केवळ त्रास आहे असे समजू नये. सामान बनवणाऱ्या कंपन्यांना ठरावीक माल पुनर्वापरात गेल्याची प्रमाणपत्रे घ्यावी लागतात आणि ती फक्त नोंदणीकृत कारखान्यालाच देता येतात. ही धातूच्या भावाशिवायची वेगळी कमाई आहे. बिननोंदणीचा माणूस तोच माल तितक्याच मेहनतीने छाटतो, पण ही कमाई त्याला मिळत नाही.

थोडक्यात

ज्यांना एकदम सगळी रांग परवडत नाही, त्यांनी निराश होऊ नये. पहिल्या वर्षी मालाचा हिशेब, चुंबक आणि चाळणी एवढेच करावे. यातून आलेल्या नफ्यातून दुसऱ्या वर्षी धातू उडवणारे यंत्र घ्यावे. संवेदक आणि किरणांची यंत्रे शेवटी. दोन-तीन शेजाऱ्यांनी भागीत एक रांग उभी केली तर वर्षभर माल पुरतो आणि यंत्र रिकामे राहत नाही. मात्र भागीचा करार तोंडी न ठेवता लेखी करावा. यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्या गोदामातील सर्वांत घाणेरडा माल, किमान एक टन, विक्रेत्याकडे घेऊन जावा आणि आपल्या डोळ्यांदेखत चालवून घ्यावा. काढलेला माल आणि कचरा दोन्हींचे वजन आपल्या हाताने करावे.

ताडपत्रीखालच्या यंत्राचे ते व्यापारी आता हाच क्रम पाळत आहेत. त्यांनी चुंबक आणि चाळणी बसवली आहे, लोखंडाला पूर्वीपेक्षा चांगला भाव मिळू लागला आहे, आणि नव्या ढोलासाठी ते पैसे बाजूला टाकत आहेत. ज्या वाचकांनी असा पट्टा बसवला आहे, त्यांनी आपला बरा-वाईट अनुभव आम्हाला जरूर कळवावा. एकाने खाल्लेली ठेच दहा जणांना वाचवू शकते.